पगाराची रचना, पी.एफ. आणि ग्रॅच्युइटी : लहान कारखानदाराने कायद्याला धरून काय करावे?

प्रश्न : भोसरीकर कारखानदार

सर्वांना नमस्कार. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आमचे मशीनिंगचे वर्कशॉप आहे. एकूण २६ माणसे कामावर असून त्यांपैकी ७ जण ठेकेदारामार्फत येतात. पी.एफ., बोनस वगैरे सर्व नियमित भरले जाते, परंतु पगाराची रचना पूर्वीच्या सल्लागाराने ठरवून दिली होती आणि तीच आजवर चालू आहे. आमच्या एका ऑपरेटरची पगारस्लिप अशी आहे : मूळ वेतन ९,००० रुपये, घरभाडे भत्ता ७,५००, वाहतूक भत्ता ४,०००, धुलाई भत्ता १,५०० आणि विशेष भत्ता २,०००, म्हणजे एकूण २४,०००. पी.एफ. फक्त ९,००० रुपयांवर कापला जातो. बहुतेक कायम कामगारांची स्लिप थोड्याफार फरकाने अशीच आहे.

हा ऑपरेटर १२ वर्षांच्या नोकरीनंतर पुढील महिन्यात राजीनामा देऊन साताऱ्याकडे आपल्या गावी जाणार आहे. त्याच्या ग्रॅच्युइटीचा हिशेब ९,००० रुपये धरून ६२,३०८ रुपये असा निघाला. नव्या कामगार संहितांनंतर हा हिशेब बदलतो असे ऐकण्यात आले, म्हणून तो अद्याप अंतिम केलेला नाही. शिवाय त्याच्या नावावर ४०,००० रुपयांची उचल बाकी आहे आणि ती ग्रॅच्युइटीतून वळती करावी असे सल्लागारांचे म्हणणे आहे. नव्या नेमणुका करताना मालकाचा पी.एफ.चा हिस्सा व ग्रॅच्युइटी हे दोन्ही 'सीटीसी'मध्ये (कामगारावर होणाऱ्या एकूण खर्चाच्या आकड्यात) दाखवून दरमहा वजा करावे, असेही त्यांनी सुचवले आहे.

माणसे जुनी आणि विश्वासाची आहेत. त्यांच्या हक्काचे काही बुडू नये आणि उद्या नोटीस आली तर आपल्याकडे उत्तर असावे, एवढीच इच्छा आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : कामगार कायद्याचा वकील, पुणे

आपला प्रश्न दोन कालखंडांत विभागून पाहावा लागेल, कारण २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता २०१९ आणि सामाजिक सुरक्षा संहिता २०२० यांसह चारही कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्या तारखेपूर्वीच्या काळाला जुने कायदे व त्यांवरील निकाल लागू राहतात, तर त्यानंतरच्या काळाला वेतनाची नवी व्याख्या लागू होते.

आधी जुन्या काळाविषयी. १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्यात 'मूळ वेतन' कशाला म्हणावे यावर अनेक वर्षे वाद चालला. सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१९ रोजी विवेकानंद विद्यामंदिर प्रकरणात आणि त्यासोबतच्या अन्य अपिलांत असे स्पष्ट केले, की जो भत्ता सर्व कामगारांना सरसकट, नेहमी आणि कोणत्याही जादा कामाशी संबंध नसताना दिला जातो, तो नावाने भत्ता असला तरी मूळ वेतनाचाच भाग आहे आणि त्यावर पी.एफ. भरलाच पाहिजे. घरभाडे भत्ता कायद्याने स्पष्टपणे वगळलेला असल्यामुळे तो बाजूला राहतो. आपल्या स्लिपमध्ये घरभाडे सोडून उरलेली रक्कम १६,५०० रुपये होते, म्हणजे पी.एफ.साठीच्या १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेपर्यंत १२ टक्के पी.एफ. देय होता. आपण ९,००० वर १,०८० रुपये भरले, भरायचे होते १,८००. हा फरक आपल्या आस्थापनेतील सर्वांत मोठा कायदेशीर धोका आहे असे माझे मत आहे आणि ग्रॅच्युइटीच्या प्रश्नाइतकेच लक्ष आपण याकडेही द्यावे.

आता नवी व्याख्या. वेतन संहितेप्रमाणे मूळ वेतन, महागाई भत्ता आणि रिटेनिंग भत्ता (काम नसलेल्या काळात कामगार टिकवून ठेवण्यासाठी दिलेला) हे वेतन आहे, तर घरभाडे भत्ता, वाहतूक भत्ता, कामाच्या स्वरूपामुळे करावा लागणारा विशेष खर्च भागवण्यासाठी दिलेली रक्कम, कमिशन, ओव्हरटाइम अशा ठरावीक बाबी वेतनातून वगळल्या आहेत. मात्र वगळलेल्या बाबींची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाली, तर जेवढी अधिक झाली तेवढी रक्कम पुन्हा वेतनात धरली जाते. आपल्या ऑपरेटरच्या बाबतीत घरभाडे, वाहतूक आणि धुलाई मिळून १३,००० रुपये होतात. २४,००० च्या निम्मे १२,०००, म्हणून जास्तीचे १,००० रुपये वेतनात परत येतील. 'विशेष भत्ता' हे नाव वगळलेल्या बाबींच्या यादीत कोठेही नाही, तेव्हा ते २,००० रुपये मुळातच वेतन आहेत. अशा रीतीने त्याचे कायदेशीर वेतन ९,००० नसून १२,००० रुपये ठरते. ग्रॅच्युइटी शेवटच्या वेतनावर आणि संपूर्ण नोकरीसाठी, महिन्याचे २६ दिवस धरून दर वर्षामागे १५ दिवसांचे वेतन अशी मोजली जात असल्यामुळे १२,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले १२ वर्षे, म्हणजे ८३,०७७ रुपये त्याला द्यावे लागतील. सल्लागारांच्या आकड्यापेक्षा ही रक्कम २०,७६९ रुपयांनी अधिक आहे.

हा किमान हिशेब झाला. सर्वांना सारख्याच दराने, प्रवासाचा कोणताही संबंध न पाहता दिला जाणारा ४,००० रुपयांचा 'वाहतूक भत्ता' खरोखर वाहतुकीसाठी आहे काय, असा आक्षेप कामगाराने घेतल्यास आपल्याकडे त्याचे समाधानकारक उत्तर असले पाहिजे. गणवेश न देता दिलेल्या धुलाई भत्त्याचेही तेच. नवी व्याख्या आली म्हणून सरसकट भत्त्यांचा जुना वाद संपला, असे मानून चालू नये.

उचलीबाबत सल्लागारांचे म्हणणे मला मान्य नाही. ग्रॅच्युइटी कोणत्या कारणांसाठी रोखता येते हे कायद्यानेच ठरवून दिले आहे. कामगाराच्या कृत्यामुळे वा निष्काळजीपणामुळे मालमत्तेचे नुकसान होऊन त्याला कामावरून काढले असेल तर नुकसानीपुरती, आणि दंगेखोर वा हिंसक वर्तन किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा यासाठी काढले असेल तर अंशतः किंवा पूर्णतः. राजीनामा देऊन जाणाऱ्या माणसाची उचल यांपैकी कशातही बसत नाही. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याने तर ग्रॅच्युइटीला न्यायालयाच्या हुकूमनाम्याखालील जप्तीपासूनही संरक्षण दिले होते, यावरून तिच्याकडे कायदा कोणत्या दृष्टीने पाहतो ते लक्षात येईल. उचल शेवटच्या पगारातून, कपातीची ५० टक्क्यांची मर्यादा पाळून, वसूल करावी आणि राहिलेल्या रकमेची लेखी कबुली घेऊन हप्ते ठरवून द्यावेत. शेवटचा पगार राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत देणे वेतन संहितेने बंधनकारक केले आहे. ग्रॅच्युइटीला ३० दिवस मिळतात आणि कामगाराने अर्ज केला नाही तरी रक्कम ठरवून कळवण्याची जबाबदारी मालकावरच आहे.

'सीटीसी'मध्ये मालकाचा खर्च म्हणून पी.एफ. व ग्रॅच्युइटीचा आकडा दाखवण्यास कायद्याची हरकत नाही, मात्र ठरलेल्या पगारातून तो वजा करण्यास निश्चित आहे. मालकाचा हिस्सा सभासदाच्या वेतनातून कापू नये असे भविष्य निर्वाह निधी योजनेच्या परिच्छेद ३१ मध्ये स्पष्ट लिहिलेले आहे. ग्रॅच्युइटी तर संपूर्णपणे मालकाचीच देणी आहे, त्यामुळे तिच्यासाठी दरमहा कपात करण्यास कोणताच आधार नाही. नेमणूकपत्रात आकडा दाखवायचाच असेल, तर तो कोणत्या अटींवर देय होईल हेही त्याखालीच लिहावे, नाहीतर तीन वर्षांनी सोडून जाणारा मुलगा आपले पैसे कापले गेले असेच समजेल आणि त्याचे समजणे चुकीचे म्हणता येणार नाही.

भोसरीकर कारखानदार

वकीलसाहेब, इतक्या सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभारी आहे. ऑपरेटरला ८३,०७७ रुपये देण्याचे आम्ही आजच ठरवले आहे. दोन शंका उरतात. पी.एफ. वाढवला तर कामगारांच्या हातात येणारा पगार कमी होईल आणि त्यांची नाराजी ओढवेल, ते कसे हाताळावे? दुसरे असे, की मागच्या काळातील पी.एफ.चा फरक कामगारांकडून त्यांच्या हिश्शापुरता घेता येईल काय? शिवाय एक सेटर (यंत्राची जुळवणी करणारा कामगार) ४ वर्षे ९ महिने पूर्ण करून सोडून जात आहे. पाच वर्षे झाली नाहीत म्हणून त्याला ग्रॅच्युइटी लागू नाही, हे बरोबर आहे ना?

उत्तर २ : निवृत्त आस्थापना अधिकारी, सातपूर, नाशिक

माझी सारी नोकरी कारखान्यांच्या टाइम ऑफिसमध्ये आणि पुढे आस्थापना विभागात गेली, त्यामुळे कायद्याच्या अर्थापेक्षा अंमलबजावणीविषयी लिहितो.

कोणताही बदल करण्यापूर्वी एक गोष्ट तपासावी. महाराष्ट्रात किमान वेतनात मूळ दर आणि 'विशेष भत्ता' असे दोन भाग असतात. हा विशेष भत्ता म्हणजे प्रत्यक्षात महागाई भत्ताच असून तो दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैमध्ये, बदलतो. आपल्या स्लिपवरील २,००० रुपयांचा विशेष भत्ता त्या अर्थाचा आहे, की केवळ बेरीज जुळवण्यासाठी घातलेला आहे, हे आधी ठरवावे. नव्या व्याख्येत घरभाडे भत्ता वेतनात येत नसल्यामुळे तो किमान वेतनाच्या तुलनेत जमेस धरणेही धोक्याचे आहे. मूळ वेतन व विशेष भत्ता मिळून आपल्या उद्योगाच्या, आपल्या परिमंडळाच्या आणि त्या कामगाराच्या कुशल, अर्धकुशल वा अकुशल वर्गाच्या चालू दरापेक्षा कमी भरत असतील, तर पी.एफ.चा प्रश्न दुय्यम ठरतो आणि किमान वेतनाचा प्रश्न आधी उभा राहतो. बोनसलाही हेच लागू आहे. ७,००० रुपये किंवा किमान वेतन यांपैकी जे अधिक असेल त्यावर ८.३३ टक्के काढायचे, हा नियम २०१५ च्या दुरुस्तीने आला. तरीही दिवाळीच्या तोंडावर ७,००० चाच गुणाकार करणारी पगारपत्रके मी वर्षानुवर्षे पाहिली आहेत.

हातात येणाऱ्या पगाराविषयी माझे सांगणे असे, की कामगारांना एकत्र बसवून, त्यांची स्वतःची स्लिप त्यांच्या हातात देऊन, जुना आणि नवा हिशेब शेजारी शेजारी दाखवावा. १५,००० वर पी.एफ. घेतला तर त्यांचे ७२० रुपये कमी येतील हे खरे, पण आपलेही तेवढेच ७२० रुपये दरमहा त्यांच्या नावावर वाढतील. मालकाच्या १२ टक्क्यांतील ८.३३ टक्के निवृत्तिवेतन योजनेत जातात. आज ९,००० वर जेमतेम ७५० रुपये जातात, ते १,२५० होतील आणि पुढे मिळणारी पेन्शनही त्याच प्रमाणात वाढेल. तरुण मुलांना हे पटवून देणे कठीण जाते, चाळिशी ओलांडलेल्यांना लगेच पटते. वर्षाची पगारवाढ जवळ आली असेल तर ती मूळ वेतनात द्यावी, म्हणजे हातातील रक्कम बहुतेक तशीच राहील.

परंतु हा बदल एका रात्रीत करू नये. वेतन व भत्त्यांच्या अटींमध्ये कामगारांच्या दृष्टीने प्रतिकूल ठरू शकेल असा बदल करताना २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातील कलम ९अ ची ही तरतूद औद्योगिक संबंध संहितेतही कायम आहे. नोटीस मराठीत लावावी, वाचून दाखवावी आणि सह्या घ्याव्यात. युनियन असेल तर करार करणे सर्वांत चांगले.

आणखी एक परिणाम आपल्या लक्षात आलेला दिसत नाही. आजवर २४,००० एकूण पगार असलेला कामगार २१,००० च्या मर्यादेमुळे ई.एस.आय.च्या (कर्मचारी राज्य विमा योजनेच्या) बाहेर होता. नव्या व्याख्येप्रमाणे त्याचे वेतन १२,००० ठरले, तर तो पुन्हा योजनेच्या कक्षेत येतो. मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के भरावे लागतील. आपण या कामगारांसाठी मेडिक्लेम काढलेला असेल, तर तो बंद करण्याची घाई करू नये. घरात कोणी दीर्घ आजारी असेल तर चालू पॉलिसी तुटणे त्या कुटुंबाला फार महागात पडते.

ठेकेदाराच्या ७ माणसांचे पी.एफ. चलन दरमहा नावानिशी तपासावे. त्याने भरले नाही तर मूळ मालक म्हणून जबाबदारी आपल्यावर येते. चलनावर फक्त एकूण रक्कम असते, म्हणून त्यासोबतचा इ.सी.आर. (प्रत्येक कामगाराचा नावानिशी तपशील असलेले विवरणपत्र) मागावा आणि आपल्या गेटच्या हजेरीशी ताडून मगच त्याचे बिल पास करावे.

उत्तर ३ : सनदी लेखापाल, कोल्हापूर

मागील फरकाचा आकडा डोळ्यांसमोर असावा म्हणून लिहितो. कामगाराचा हिस्सा ज्या महिन्याचा त्याच महिन्याच्या वेतनातून कापायचा असतो. मालकाने त्या वेळी कापला नाही तर नंतरच्या पगारातून तो वसूल करण्यास योजनेच्या परिच्छेद ३२ ने जवळजवळ मज्जाव केला आहे. म्हणजे जुन्या काळाचे दोन्ही हिस्से, ७२० अधिक ७२०, असे १,४४० रुपये दर महिन्याला दर कामगारामागे आपल्यावरच येतात. कायम कामगार १९ आहेत आणि सर्वांची रचना अशीच आहे असे गृहीत धरले, तर एका वर्षाचे ३,२८,३२० रुपये झाले. त्यावर १९५२ च्या कायद्याच्या कलम ७क्यू खाली वार्षिक १२ टक्के व्याज आणि कलम १४ब खाली नुकसानभरपाई. ही भरपाई पूर्वी ५ ते २५ टक्क्यांपर्यंत वाढत जाणारी होती, जून २०२४ पासून थकबाकीच्या दरमहा १ टक्का अशी करण्यात आली आहे. पी.एफ. अधिकाऱ्याने थकबाकी ठरवण्यासाठी कलम ७अ ची चौकशी सुरू करण्यापूर्वी आपण होऊन फरक भरणे आणि न भरणे यांत रकमेपेक्षाही हेतूचा फरक दिसतो. माझ्या मते ही रक्कम एकदम भरता येत नसेल तर वकिलांच्या सल्ल्याने अलीकडच्या महिन्यांपासून सुरुवात करावी, पण सुरुवात करावीच.

ग्रॅच्युइटीविषयी बहुतेक लहान कारखाने माणूस जाईल तेव्हा बघू असे धोरण ठेवतात, आणि एकाच वर्षी तीन-चार जुनी माणसे निवृत्त झाली की खेळते भांडवल आटते. आपल्या १९ जणांची आजवरची देणी नव्या वेतनावर मोजून घ्या. व्याख्या बदलल्यामुळे मागील सर्व वर्षांची देणी एकदम वाढते आणि ती ताळेबंदात दिसली पाहिजे. बँकेचा कॅश क्रेडिटचा अधिकारी तो आकडा पाहून प्रश्न विचारील, तेव्हा त्याला आधीच कल्पना दिलेली बरी. नुसती तरतूद करून आयकरात वजावट मिळत नाही, १९६१ च्या कायद्यातील कलम ४०अ(७) तसे सांगते. प्रत्यक्ष दिलेली ग्रॅच्युइटी किंवा मान्यताप्राप्त ग्रॅच्युइटी निधीत भरलेली वर्गणी यांची मिळते. म्हणून स्वतंत्र ट्रस्ट करून आयुर्विमा महामंडळाची किंवा अन्य विमा कंपनीची सामूहिक ग्रॅच्युइटी योजना घेण्याचा विचार करावा. पैसा कारखान्याच्या धंद्यापासून वेगळा राहतो, हा कामगाराच्या दृष्टीने त्यातील मोठा लाभ आहे. धंदा अडचणीत आला तरी त्याची रक्कम शाबूत राहते.

मुदतीच्या करारावर माणसे घेण्याचा विचार असेल तर हेही ध्यानात ठेवा, की संहितेनुसार अशा कामगाराला पाच वर्षांची अट नाही. एक वर्ष सेवा झाली की करार संपताना त्या प्रमाणात ग्रॅच्युइटी देय होते. ११-११ महिन्यांचे करार करून ही देणी टळते असा सल्ला काही जण देतात. मी माझ्या पक्षकारांना तो कधीही देत नाही, कारण खंड कृत्रिम असेल तर सेवा सलग धरली जाण्याचा धोका असतोच आणि हातचा कुशल माणूस तोवर शेजारच्या कारखान्यात गेलेला असतो.

उत्तर ४ : कामगार कायद्याचा वकील, पुणे

सेटरच्या प्रश्नाचे उत्तर राहिले होते. पाच वर्षे म्हणजे कॅलेंडरची पाच वर्षे असा सरळ अर्थ येथे लावता येत नाही. कायद्यात 'सलग सेवा' या शब्दांची व्याख्या असून, बारा महिन्यांत २४० दिवस काम केलेले असल्यास ते वर्ष पूर्ण झाले असे मानले जाते. याच आधारावर मद्रास उच्च न्यायालयाने मेट्टूर बिअर्डसेल प्रकरणात ४ वर्षे आणि पाचव्या वर्षातील २४० दिवस पुरेसे असल्याचे म्हटले. सर्वच उच्च न्यायालयांनी हा अर्थ स्वीकारलेला नाही, तरीही ग्रॅच्युइटीचे दावे ऐकणाऱ्या नियंत्रक प्राधिकाऱ्यापुढे कामगाराचा दावा यावर टिकण्याची शक्यता भरपूर आहे. दिवस मोजताना पगारी रजा आणि पगारी साप्ताहिक सुट्ट्या धरा. औद्योगिक विवाद कायद्यातील २४० दिवसांसाठी पगारी रविवार मोजावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये ठरवले आहे. नऊ महिने नियमित हजर असलेल्या माणसाचे २४० दिवस सहज भरतात.

माझा सल्ला, त्याला पाच वर्षांची ग्रॅच्युइटी द्यावी. सहा महिन्यांहून अधिकचा अंश पूर्ण वर्ष धरला जातो, म्हणून चार नव्हे तर पाच वर्षे. ३० दिवसांत न दिल्यास १० टक्के सरळ व्याजासह तीच रक्कम द्यावी लागेल, शिवाय तारखा, वकिलाचा खर्च आणि कारखान्यातील इतर माणसांच्या मनात बसणारी शंका हे वेगळेच.

त्याच वेळी सर्व कामगारांची नामनिर्देशनपत्रे बाहेर काढून पाहावीत. लग्नापूर्वी आईचे वा भावाचे नाव लावलेले असते आणि ते तसेच राहते. कुटुंब झाल्यानंतर कुटुंबाबाहेरील व्यक्तीच्या नावे केलेले नामनिर्देशन ग्रॅच्युइटीसाठी चालत नाही. सेवेत मृत्यू झाल्यास ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अटही नसते आणि पी.एफ.सोबतच्या ठेव संलग्न विमा योजनेतून वारसाला कमाल ७ लाख रुपयांपर्यंत मिळू शकतात. ही रक्कम पी.एफ. ज्या वेतनावर भरला त्यावरच मोजली जाते, तेव्हा ९,००० वर भरलेल्या चलनाचा खरा तोटा त्या कुटुंबाला होतो. ऑपरेटर जाण्यापूर्वी त्याचा यू.ए.एन. (पी.एफ.चा कायमचा खाते क्रमांक), आधारची जोडणी आणि नोकरी सोडल्याची तारीख पोर्टलवर बरोबर चढली आहे की नाही हे आपल्या कार्यालयातच त्याच्यासमोर तपासून द्यावे. गावी गेल्यावर त्याला ते दुरुस्त करून घेणे अवघड जाईल.